हिरव्या शाईतला तिसरा झरा

साहेब, तेरावं काल झालं. तुमच्या घरी सुधाकाकूंना दिलेला शब्द मी पाळला. तेरा दिवस तोंड उघडलं नाही, एक ओळ छापली नाही. आता बोलते. आणि या वेळी तुम्हाला पूर्ण ऐकून घ्यावं लागेल, कारण मधेच हात वर करून "एक मिनिट, रेश्मा, आकडा चुकला" असं म्हणायची सोय तुम्हाला उरलेली नाही.

साप्ताहिकाच्या संपादकांचा फोन आला होता. म्हणाले, तुमचं दोघांचं वैर अख्ख्या मावळाला ठाऊक आहे, तूच लिही, लोक वाचतील. फोन ठेवता ठेवता म्हणाले, "जरा सांभाळून हं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहायचं नसतं." मी म्हटलं, मग चांगलं लिहिणाऱ्यांची लोणावळ्यात रांग लागलीय, त्यांना विचारा. मग म्हणाले, "बरं, लिही. पण शिव्या नकोत." शिव्या नाहीत, साहेब. तुम्हीच सांगितलं होतंत, शिवी दिली की वाचणारा शिवी लक्षात ठेवतो आणि मुद्दा विसरतो.

तर मुद्दा. मला तुमचा राग आलेला आहे. तुम्ही होतात तेव्हाही यायचा, पण तेव्हा समोर बसून भांडायला तुम्ही होतात. आमच्या डोंगरातल्या वीजप्रकल्पाची जनसुनावणी येत्या सोमवारी आहे. कामशेतला, अधिकाऱ्यांसमोर, कंपनीसमोर, आमच्या उंबरवाडीतल्या झाडून साऱ्या बायाबापड्यांसमोर तुम्ही माईक हातात घेऊन एक गोष्ट कबूल करणार होतात. तसा शब्द दिला होतात. ती तुमच्या तोंडून ऐकायची म्हणून मी दोन महिने थांबले. हातात पुरावा असताना थांबले. आणि तुम्ही सकाळी फिरून आलात, चहा घेतलात, पेपर उघडलात आणि गेलात. काकू म्हणाल्या, काही म्हणजे काही त्रास झाला नाही. माझं भांडण नेमकं त्याच्याशीच आहे.

शोकसभेला मी आले होते. मागच्या रांगेत, दाराजवळ. रिसॉर्टच्या त्या हॉलमध्ये एसी इतका होता की लोक शोकाने आखडलेत की थंडीने, कळत नव्हतं. व्यासपीठावर तुमचा फोटो, त्याच राखाडी जाकिटातला. राज्यातल्या खासगी वीज कंपन्यांची ती तुमची परिषद, जिचे आधी सरचिटणीस आणि मग अध्यक्ष म्हणून तुम्ही वीस वर्षं काढलीत, तिथले सगळे हजर. एकाने तुम्हाला दीपस्तंभ म्हटलं. दुसऱ्याने ऊर्जापुरुष. तिसरा म्हणाला, विनायकरावांनी महाराष्ट्रातलं घर न् घर उजळलं. माझ्या शेजारी आमच्या वाडीचे धोंडूआबा बसले होते, ऐंशी पार केलेले. ते माझ्या कानाशी म्हणाले, "आपली वाडी ह्यांच्या म्हाराष्ट्रात न्हाई वाटतं."

मग दोन मिनिटं स्तब्धता जाहीर झाली आणि त्या स्तब्धतेत लाइट गेली. खरंच गेली. पडदे ओढलेल्या हॉलमध्ये भर दुपारी अंधार झाला. कुणी हलेना, कारण दोन मिनिटं व्हायची होती. बाहेर जनरेटर घरघरायला लागला आणि डिझेलच्या वासात तुमचा फोटो परत उजळला. आबा म्हणाले, "मेला तरी मानूस खोड्या सोडत न्हाई बघ." मला हसू आलं, साहेब. मोठ्याने आलं. पुढच्या बाईंनी वळून पाहिलं. तुम्ही असतात तर सगळ्यात आधी तुम्ही हसला असतात. हे मला माहीत आहे, आणि तेच मला सहन होत नाही.

सगळे तुमच्या कारकिर्दीवर बोलले. खरी कारकीर्द कुणी सांगितली नाही, बहुतेकांना ती माहीतही नसावी. घाटाखालच्या एका जलविद्युत केंद्रात तुम्ही ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागलात, इथवर त्यांनी बरोबर सांगितलं. पुढचं मी सांगते. परिषदेत गेल्यावर तुम्ही ना धरण बांधलंत ना बोगदा खणलात. ती कामं तुमच्या सभासद कंपन्यांनी केली. तुम्ही वाक्यं बांधलीत. मंत्रालयातल्या बैठकांत, दिल्लीच्या समित्यांत, नियमांच्या मसुद्यांत. सरकारं आली, गेली, सचिव बदलले, तुमची वाक्यं जागची हलली नाहीत. त्यातलं एक तुमचं लाडकं: "प्रस्तावित प्रकल्पामुळे स्थानिक जलस्रोतांवर विपरीत परिणाम संभवत नाही." ज्या गावाचा अहवाल काढावा त्यात हे वाक्य. डोंगर वेगळा, नदी वेगळी, वाक्य तेच.

तुमच्या बंगल्याच्या ओट्यावर पोह्यांवर लिंबू पिळता पिळता तुम्ही मला त्याची गंमत समजावून सांगितली होतीत. "होणार नाही असं लिहिलं, की उद्या बाई रिकामा हंडा घेऊन दारात उभी राहते. संभवत नाही असं लिहिलं, की तिला दारच सापडत नाही." आणि मला विचारलंत, अजून पोहे घेणार का. मी घेतले. त्याची लाज मला आज वाटते. काकूंचे पोहे चांगले असतात, हे काही कारण नव्हे.

आपली ओळखच चुकीतून झाली. आमच्या डोंगराच्या सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर एक तळं, पायथ्याशी दुसरं तळं, मधे डोंगराच्या पोटातून बोगदा. दिवसा सौरविजेवर पाणी वर चढवायचं, संध्याकाळी तेच खाली सोडून वीज करायची. असा प्रकल्प जाहीर झाला तेव्हा मी तळेगावच्या कॉलेजातून नुकती बाहेर पडले होते आणि पत्रकं लिहिण्याशिवाय मला काही येत नव्हतं. "डोंगर पोखरणाऱ्यांनो, चालते व्हा" हे पत्रक मी एका दमात लिहिलं, कामशेतच्या झेरॉक्सवाल्याकडे काढलं आणि आठवडे बाजारात वाटलं. आठ दिवसांनी ते पोस्टाने माझ्याकडे परत आलं. हिरव्या शाईने भरलेलं. "मेगावॅट ही क्षमता, युनिट ही वीज. आधी फरक शिका." "बोगद्याची लांबी चूक." "हे विशेषण कशाला? वाचणाऱ्याला स्वतःहून चिडू द्या." प्रत्येक दुरुस्तीपाशी "वि." अशी छोटी सही आणि तारीख.

मी तो कागद घेऊन तणतणत लोणावळ्याला आले. फाटकापाशी माळ्याने विचारलं, कोण पाहिजे. मी म्हटलं, हा जो कोण वि. आहे तो पाहिजे. तुम्ही ओट्यावरूनच हाक दिलीत, "सोड रे त्यांना आत. मेगावॅट आल्यात."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं तपासायला?"

"कुणी नाही. चूक दिसली की हात थांबत नाही माझा."

"आणि वर सही कशाला? मास्तर आहात?"

"चूक दाखवणाऱ्याने नाव लपवू नये. उद्या माझी दुरुस्तीच चुकली, तर तू कुणाला धरशील?"

हे तुमचं बोलणं मी विसरले नाही, साहेब. तुम्हीही विसरू नका. शेवटी आपण तिथेच येणार आहोत.

त्यानंतर चार वर्षं आपलं ते चमत्कारिक काम चाललं. आधी मी छापायचे, तुम्ही दुरुस्त करून परत पाठवायचात. मग मी हुशार झाले. सभेत उभं राहून तुम्ही माझी चूक दाखवणार, त्यापेक्षा छापायच्या आधीच कच्चा कागद तुमच्याकडे पाठवायला लागले. संघटनेतल्या मैत्रिणी म्हणायच्या, "हिचं बघा. ज्याच्याशी लढायचं त्याच्याकडून गृहपाठ तपासून घेते." एकीचं तर मला फितूर म्हणूनसुद्धा झालं. मी म्हणायचे, माझ्या पत्रकातला आकडा आता कुणाचा बाप खोडून दाखवू शकत नाही, कारण तो त्यांच्याच बापाने तपासलाय. तुम्ही मुद्द्याला कधी हात लावला नाहीत, हेही सांगायला पाहिजे. "हे खोटं आहे" असं लिहायचात, "हे लिहू नका" असं कधी नाही. पत्रक कसं लिहायचं ते मी तुमच्याकडून शिकले. बस, उपकार मानून झाले. यापुढे त्याबद्दल काही ऐकायचं नाही.

कारण त्या खुर्च्यांचंही मला आठवतंय. लोणावळ्यात तुमच्या परिषदेचं अधिवेशन होतं आणि मी हॉटेलच्या फाटकाबाहेर पत्रकं वाटत उभी. एकही गाडी काच खाली करत नव्हती. तुम्ही चालत बाहेर आलात, माझ्या हातातला अख्खा गठ्ठा घेतलात, आत गेलात आणि प्रत्येक खुर्चीवर एकेक पत्रक ठेवलंत. स्वतःच्या हाताने. सगळे कंपनीवाले बूड टेकायच्या आधी "चालते व्हा" वाचत होते. मी महिनाभर ही गोष्ट वाडीत रंगवून सांगितली. साहेब आतून आपला आहे, असं म्हणाले मी. आईने विचारलं, "आतून म्हंजी कुटनं?"

खुलासा तुम्हीच केलात, पुढच्या खेपेला, हसत हसत. "अगं, माझ्या सभासदांना अधूनमधून विरोधक दाखवावा लागतो. समोर कुणी नाही असं वाटलं, तर ते परिषदेत कशाला राहतील? तू आहेस म्हणून मी आहे." तुम्हाला वाटलं, मलाही गंमत वाटेल. मी चपला घातल्या आणि निघाले. कामशेतला उतरून वाडीपर्यंत चढले तरी डोकं शांत झालं नव्हतं. इतकी वर्षं मी याला लढाई समजत होते आणि तुम्ही मला शेतातलं बुजगावणं म्हणून वापरत होतात. तो दोन महिन्यांचा अबोला आठवतो ना? तुम्ही तीन पत्रं पाठवलीत. तिन्हींत माफी नव्हती. तिसऱ्यात एवढंच होतं, "पुढचं पत्रक कधी? चुका साठल्या असतील."

आपला एक वाद मात्र खरा होता आणि तो राहिला. तुम्ही म्हणायचात, "कोळसा बंद करा म्हणून तुम्हीच ओरडता. मग सूर्य मावळल्यावर वीज साठवायची कुठे? हे डोंगरावरचं तळं लागणार आहे, रेश्मा." मी म्हणायचे, लागत असेल. माझ्या वाडीतल्या पोरींनाही संध्याकाळी दिवा लागतो. पण तळं लागतं म्हणून खोटंही लागतं का? पाणी जाणार असेल तर सांगा, जाणार आहे. मग आम्ही ठरवू, काय घ्यायचं, काय द्यायचं, की अडून बसायचं. तुम्ही पाणी जाणारच नाही म्हणता, म्हणजे आम्हाला ठरवायलाच काही शिल्लक ठेवत नाही. यावर तुम्ही चष्मा काढून पुसायचात. चार वर्षांत त्या चष्म्याची काच झिजली असेल.

आणि मग तो कागद.

जनसुनावणी लागणार हे कळल्यावर मी शेवटचं मोठं पत्रक लिहिलं. पुण्याच्या एका भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांनी आमच्यासाठी फुकटात डोंगर पाहिला होता. त्यांनी सांगितलं, बोगद्यामुळे दोन झरे तुटतील, एक देवळाजवळचा, एक खालच्या वस्तीचा. तिसऱ्याचं, म्हणजे आमच्या वाडीच्या झऱ्याचं, त्यांना नक्की सांगता येईना. म्हणून मी लिहिलं, "दोन झरे आटणार." खाली वडिवळ्याचं धरण भरलेलं दिसतं, पण ते खाली. उंबरवाडीला बारा महिने पाजणारा तो एकच झरा. वर्षातून एकदा तो उपसून साफ करायला प्रत्येक घरातून एक माणूस येतं, आजारी घरातूनसुद्धा. कच्चा कागद नेहमीसारखा तुमच्याकडे पाठवला. नेहमीसारखा परत आला. मी बसमध्ये उघडला. "दोन" वर हिरवी काट. बाजूला तुमच्या त्या सुबक अक्षरात: "तीन. तुमच्या वाडीचा धरायचा राहिला. वि." आणि तारीख.

तुमच्याच परिषदेने ज्याची पाठराखण केली त्या अहवालात लिहिलं होतं, परिणाम संभवत नाही. आणि तुम्ही मला लिहून देत होतात, दोन नव्हे तीन. हात थांबला नाही तुमचा. चूक दिसली आणि हात पुढे गेला, डोकं मागून आलं. वीस वर्षं मंत्र्यांना, सचिवांना, पत्रकारांना गुंडाळणारा माणूस एका पोरीच्या पत्रकातला आकडा चुकलेला पाहू शकला नाही.

पण तुम्हाला ठाऊक कसं होतं, हे मला कळेना. वाडीत गेल्यावर आबांना सहज विचारलं, आबा, सड्यावरचं पाणी आपल्या झऱ्याला येतं, हे कुणा बाहेरच्याला कसं कळेल? आबा तंबाखू मळत होते. हात थांबले.

"त्यो हिरव्या पान्याचा साहेब," म्हणाले.

"कोण?"

"तुजा बाप तवा रांगत हुता. एक पोरगेला साहेब आलता, तीन पायांची दुर्बीन घिऊन. सड्यावं ऱ्हायला हुता चार दिस. लय गोड पोरगं. आन् मदीच झऱ्याला हिरवं पानी आलं. पोपटावानी हिरवं. आमी म्हनलं, आईचा कोप झाला. दोन दिस कुनी हंडा बुडावला न्हाई. मंग झऱ्याव कोंबडा दिला आईला. त्यो साहेब बी बसला की पंगतीला. दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला त्येनी."

मी फोन लावला. तुम्ही नेहमीसारखं म्हणालात, "बोला मेगावॅट."

"साहेब, पाणी कुठे निघतं ते बघायला सड्यावरच्या भेगेत रंग टाकला होतात तुम्ही?"

तुमचा आवाज आला, पण वेगळा, ओट्यावरचा नव्हे.

"दीड दिवसात खाली उतरला होता. मी वहीत वेळ लिहून ठेवली होती."

"आणि कोंबडा?"

"तो... हो. मला वाटलं, आत्ता सांगितलं तर मारतील. मग वाटलं, जेवण झाल्यावर सांगू. मग निघायची वेळ झाली."

आमच्या लोकांनी देवीची माफी मागितली, साहेब, तुमच्या रंगापायी. घरातला कोंबडा कापला. आणि तुम्ही त्या पंगतीत बसून रस्सा वाढून घेतलात. तुमची सगळी कारकीर्द मला त्या एका पंगतीत दिसते. तुम्हाला ठाऊक होतं, शेजारी बसलेल्यांना नव्हतं, आणि तुम्ही म्हणालात, जेवण झाल्यावर सांगू.

मग तुम्ही म्हणालात, "तो कागद परत दे, रेश्मा."

"पत्रक माझं आहे, साहेब."

"अक्षर माझं आहे."

"म्हणूनच."

शेवटी म्हणालात, "छापू नकोस. सुनावणीला मी येतो. मी स्वतः सांगतो, तीन आहेत म्हणून. माझ्या तोंडून गेलं तर त्याचं वजन वेगळं पडेल. कागद छापलास तर म्हणतील, म्हाताऱ्याचा हात चुकला." मला ते पटलं. पण खरं कारण निराळं होतं, ते आज लिहिते. मला तुमचा चेहरा बघायचा होता. तुम्ही माईकसमोर उभे आहात, पुढच्या रांगेत तुमचे कंपनीवाले बसलेत, आणि तुम्हाला ते वाक्य सगळ्यांदेखत गिळावं लागतंय, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. त्यासाठी मी थांबले. वाडीसाठी नाही, स्वतःसाठी थांबले. ही माझी चूक. हिच्यावर हिरवी शाई मारा हवी तर.

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी झऱ्यावर होते, हंडा अर्धा भरला होता. लोक विचारतात, पहिल्यांदा मनात काय आलं. पहिल्यांदा मनात आलं, सुटला. दुसऱ्यांदा मनात आलं, आता मेगावॅट कोण म्हणणार. हंडा भरून वाहायला लागला.

त्या दुपारी मी बंगल्यावर आले तेव्हा काकूंनी मला आत नेलं. त्यांना सगळं ठाऊक होतं, तुम्ही अलीकडेच सांगितलं होतंत म्हणे. त्या एवढंच म्हणाल्या, "छापशील तू, मी तुला ओळखते. तेरावं होऊ दे. तेवढं घर शांत राहू दे." मी मान हलवली. आणि काल गोडाच्या जेवणाला मला मुद्दाम बोलावलं. मी जेवले. तुमच्या परिषदेचे नवे अध्यक्ष माझ्या समोरच्या पानावर होते. त्यांनी मला ओळखलं नाही आणि बासुंदी वाढून घेत शेजाऱ्याला सांगितलं, "सोमवारचं काही टेन्शन नाही. विनायकरावांनी सगळं आखून दिलंय, परिणाम वगैरे काही संभवत नाही." तुमचं वाक्य तेराव्यालाही जिवंत होतं.

पानं उठल्यावर काकूंनी मला तुमच्या टेबलाशी नेलं आणि एक फाइल हातात दिली. माझी सगळी पत्रकं, पहिल्यापासून, तारखेनुसार लावलेली. "चालते व्हा" सगळ्यात वर. आणि सगळ्यात खाली टाइप केलेला एक कागद, सोमवारच्या भाषणाचा. मी उभ्यानेच वाचला. नमस्कार, ओळख, प्रकल्पाची गरज, देशाची गरज. मग ते वाक्य, तुमचं लाडकं, अक्षरशः तसंच. आणि त्यावर हिरवी रेघ. खोडलेलं. बाजूला "वि." आणि तारीख, तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवसाची. पण वर काही लिहिलेलं नाही. खोडलेल्या ओळीवर नेहमी काय लिहायचं ते तुम्ही लिहायचात. या वेळी जागा कोरी.

मी काकूंना विचारलं, पुढचा कागद असेल. नाही म्हणाल्या, त्यांनी सगळं पाहिलं. मग कागदाकडे बघत म्हणाल्या, "एक विचारू? कोंबडा खरंच खाल्ला होता का गं यांनी?" मी म्हटलं, हो काकू, रस्सासुद्धा मागून घेतला. त्या पदराने तोंड झाकून बसल्या. रडत होत्या की हसत होत्या, मी विचारलं नाही. निघताना म्हणाल्या, "ने फाइल. तेरावं झालं. आता तुझं तू बघ."

टेबलावर तुमचा हिरवा पेन तसाच होता. मोह झाला, साहेब, खोटं कशाला सांगू. त्या कोऱ्या जागेत "तीन" लिहायला किती वेळ लागला असता. तुमचं अक्षर मला झोपेतसुद्धा काढता येईल. पण ते काम तुमचं होतं आणि तुम्ही केलं नाहीत. तुम्ही तिथे काय लिहिणार होतात, हे मला कधी कळणार नाही. "तीन झरे जातील" लिहिणार होतात, की आणखी एखादं गुळगुळीत वाक्य शोधत होतात, जे संभवत नाहीपेक्षाही निसरडं असेल? तुमच्या शोकसभेतले लोक म्हणतील, विनायकराव खरंच बोलणार होते. मला तसं म्हणायला आवडलं असतं. पण तुम्ही आदल्या दिवशी खोडलंत, आणि रंग टाकून चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली होती. मी तुम्हाला अर्ध्या कामाचे पूर्ण मार्क देणार नाही. तुम्ही मला कधी दिले नाहीत.

तेव्हा सोमवारी असं होईल. आधी धोंडूआबा बोलतील. हिरवं पाणी, आईचा कोप, कोंबडा, पंगत, सगळं. त्यांना मी म्हटलं, आबा, साहेबांना वाईट बोलायचं नाही, घडलं तेवढंच सांगायचं. आबा म्हणाले, "वाईट कशाला बोलू? म्या त्येला वाडलंय ताटात." मग मी उठेन आणि दोन कागद अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवेन. एक भाषणाचा, खोडलेला. दुसरा माझ्या पत्रकाचा, ज्यावर दोनचे तीन केलेत. दोन्हींवर तुमची सही आहे. कुणी म्हणेल, म्हाताऱ्याचा हात चुकला. मी म्हणेन, ज्याने अशी सही केली त्यानेच मला सांगितलं होतं, माझी दुरुस्ती चुकली तर मला धर. म्हणून धरायला आले आहे. नव्या अध्यक्षांचा चेहरा मला तेव्हा बघायला मिळेल. तुमचा मिळाला असता तर बरं झालं असतं, पण आता आहे त्यावर भागवायचं.

दोन्ही कागद पत्रकात छापायला दिलेत. पुढच्या बाजूला तुमचं वाक्य, मागच्या बाजूला तुमचं अक्षर, हिरव्या रंगातच, झेरॉक्सवाल्याशी भांडून रंगीत काढायला लावलं. तुमच्या नावाआधी कैलासवासी लावलेलं नाही. सोमवारपर्यंत तुम्हाला रजा नाही.

हे पहिलंच पत्रक आहे जे तुमच्या हाताखालून गेलेलं नाही. बाजार उद्या आहे, पहाटे मी गठ्ठा घेऊन निघेन. मेगावॅट आणि युनिट दोनदा तपासलंय. बोगद्याची लांबी तपासली. विशेषणं काढली, एक ठेवलंय, ते तुमच्यासाठी आहे. त्यात कुठे चूक राहिली असेल तर ती माझी. झऱ्यांचा आकडा तुमचा.